फोनची सवय मोडायचीय? मग 'एकदाच बघतो' बंद करा

नोटिफिकेशन बंद करणं, रील्सची अ‍ॅप उडवणं, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावणं, ही दहा मिनिटांची कामं आहेत, करून टाका. कॉल तेवढे चालू ठेवा नाहीतर घरचे ओरडतील. स्क्रीन टाइमची लिमिट लावा असं जो तो सांगतो, पण तिचा काडीचा उपयोग नाही, लिमिट संपली की अंगठा आपोआप 'अजून पंधरा मिनिटं'वर जातो.

मग मेसेज बघायच्या वेळा ठरवा. सकाळच्या चहानंतर, दुपारी जेवल्यावर, रात्री एकदा. बस.

खरी गोची पुढे आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली सुटलं की रबाळे यायच्या आत हात खिशात गेलेला असतो, आणि पहिले काही दिवस तर तल्लफ कमी व्हायच्या ऐवजी वाढते. इथेच लोक 'आपल्याला नाही जमत' म्हणून सोडून देतात, मीपण इथेच अडकायचो. स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ च्या पुस्तकात कबुतरांवरचे प्रयोग मांडलेत. बटणावर चोच मारली की ज्याला दरवेळी दाणा मिळायचा ते कबूतर दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतं, ज्याला कधी मिळायचा कधी नाही ते टोचतच राहतं. आपलं तेच, कधीतरी भाचीचा फोटो येतो, बाकी वेळ सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं. दाणा बंद झाला की सुरुवातीला चोच आणखी जोरात चालते, म्हणजे तल्लफ वाढली तर उपाय लागू पडतोय असं समजा. आणि त्याच वेळी 'एकदाच' बघितलंत की मेंदू शिकतो, जास्त ताणलं की मिळतं. त्यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

म्हणून गाडीत फोन बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात आणि बॅग वर रॅकवर. पास मोबाईलवर असेल तर कागदी काढा, टीसीला दाखवायला फोन बाहेर आला की संपलं. साधं मनगटी घड्याळ घाला, कारण वेळ बघायचं निमित्त सगळ्यात बेरकी. मांडीवर व्हायब्रेट झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका, भरपूर जणांना होतं.

सवय बसली की एखादं अ‍ॅप परत टाकावंसं वाटेल. व्हॉट्सअ‍ॅप ठीक, मेसेज वाचून संपतात तरी. रील्स अजिबात नको, तिथे खाली तळच नाही. हा न संपणारा स्क्रोल २००६ मध्ये काढणाऱ्या अझा रास्किन या डिझायनरलासुद्धा नंतर त्याचा पस्तावा झाला.