नाशिकमध्ये रूम सोडताय? डिपॉझिट अडकवणाऱ्या या चुका टाळा

मे-जून आला, पेपर संपले की कॉलेज रोड, गंगापूर रोड, अमृतधाम, आडगाव, तिकडे त्र्यंबक रोडला महिरावणी, सगळीकडे छोटा हत्ती भरून पोरंपोरी रूम सोडताना दिसतात आणि घरमालक म्हणतात "टाकतो रे आठवड्यात डिपॉझिट, काळजी करू नको". बरेच मालक खरंच टाकतात, हे आधीच सांगतो, सगळ्यांना एका माळेत ओवायचं कारण नाही. पण जिथे पैसे अडकतात तिथे बहुतेक वेळा कारण एकच असतं, काय ठरलं होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. घरच्यांनी जमवून दिलेले दहा-पंधरा हजार असे तोंडी बोलण्यात जाऊ नयेत, म्हणून एवढं सगळं लिहितोय.

"शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या"

हे सगळ्यात कॉमन. पोरांना वाटतं हिशोब सोपा झाला, पण मालकाच्या दृष्टीने तुम्ही भाडं थकवलेलं असतं, आणि मग उरलेल्या रकमेतून लाईट बिल, सफाई, रंग असं एकेक निघत जातं आणि तुमच्याकडे बोलायला तोंड राहत नाही. भाडं वेळेवर भरा. मालकाला स्वतःलाच तसं चालत असेल तर त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर "हो, जूनचं भाडं डिपॉझिटमधून धरतो" एवढी एक ओळ लिहून घ्या, मग हरकत नाही.

नोटीस तोंडी देणं

जिन्यात भेटल्यावर "काका, आम्ही पुढच्या महिन्यात सोडतोय" म्हणणं म्हणजे नोटीस नाही. ॲग्रीमेंटमध्ये साधारण एक महिन्याची नोटीस असते, ती कधी दिली यावरच नंतर वाद होतो आणि एक पूर्ण महिन्याचं भाडं कापलं जातं. मेसेज असा साधाच टाका: "काका नमस्कार, आम्ही ३० जूनला रूम सोडतोय, ॲग्रीमेंटप्रमाणे ही एक महिन्याची नोटीस समजावी. त्याच दिवशी रूम बघून किल्ली घ्यावी आणि डिपॉझिट ३०,००० या खात्यात द्यावं." काकांचा "ओके" आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा. लॉक-इन पिरियड (ज्याच्या आधी रूम सोडता येत नाही ती मुदत) आहे का तेही ॲग्रीमेंटमध्ये आधी बघून घ्या.

याच्या उलट एक चूक होते ती जास्त महागात पडते. अकरा महिने संपले तरी बॅकलॉगचा पेपर आहे, इंटरव्ह्यू आहे म्हणून पोरं न विचारता राहतात. लीव्ह अँड लायसन्सची (म्हणजे तुमच्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटची) मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते. पंधरा दिवस जास्त हवेत तर तेही लिहून मागा.

मीटरचा फोटो न काढणं

लाईट बिलावरून जेवढी कटकट होते तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसेल. महावितरणचं बिल मागच्या रीडिंगपर्यंतचं असतं, त्यानंतर तुम्ही निघेपर्यंत जे युनिट जळले ते पुढच्या बिलात येतात आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता, म्हणून मालक अंदाजाने दोन हजार धरून टाकतो. हे टाळायला निघायच्या दिवशी जिन्याखालच्या मीटर बोर्डाजवळ जा, मीटर नंबर आणि रीडिंग दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा (एकसारखे सहा-सात मीटर असतात, नुसत्या आकड्याचा फोटो काढला तर कुणाचा मीटर तेच कळत नाही). समजा शेवटच्या बिलावर चालू रीडिंग ४३१२ आहे आणि आज ४३८० आहे, म्हणजे ६८ युनिट तुमचे. शेवटचं बिल १४० युनिटचं ११९० रुपये आलं असेल तर युनिटमागे साडेआठ रुपये पडले, म्हणजे तुमचे होतात ५७८. अगदी तंतोतंत नाही, स्लॅबमुळे (युनिट वाढले की दरही वाढतो) थोडं इकडेतिकडे होईल, पण हा हिशोब फोटोसकट पाठवला की दोन हजार कापणं अवघड जातं. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांकही लिहून ठेवा, पुढचं बिल आलं की ऑनलाईन स्वतःच बघता येतं.

रंग, ओल आणि बाथरूम

"रंगाचे आठ हजार लागतील" हे वाक्य ऐकलं की पोरं गप्प बसतात. गप्प बसू नका, शांतपणे विचारा की शेवटचा रंग कधी मारला होता आणि आमच्यामुळे नेमकं काय खराब झालं. बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं की रोजच्या वापराने होणारी झीज सोडून बाकी नुकसान भाडेकरूने भरायचं, ती ओळ शोधा. दोन वर्षांत रंग फिका पडणं ही झीज आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून ओल येऊन पोपडे पडले तर तो बिल्डिंगचा दोष आहे, पण ओल आली तेव्हाच, जुलै-ऑगस्टमध्येच, फोटो पाठवलेला पाहिजे, जाताना सांगितलं तर कुणी ऐकत नाही. खिळ्यांची भोकं, टेपने पोस्टर लावून उपटलेला रंग हे मात्र तुमचं काम. हार्डवेअरच्या दुकानातून छोटी वॉल पुट्टी आणि पॉलिश पेपर आणा, भोकं भरा, वाळल्यावर घासा, एका संध्याकाळचं काम आहे.

बोअरच्या पाण्याने टाइल्सवर पांढरे डाग बसलेले असतात, ते काढायला पोरं शेवटच्या दिवशी ॲसिडची बाटली ओततात आणि नळांची चमक जाऊन ते काळे पडतात, मग नळांचे पैसे वेगळे. लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून लावा, अर्धा तास ठेवून घासा. आणि ॲसिड व ब्लीच कधीच एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं.

रूम पार्टनर बदलला पण मालकाला सांगितलंच नाही

तिघांनी दहा-दहा काढून एकाच्या खात्यातून तीस हजार भरले. डिसेंबरमध्ये तो पैसे भरणाराच सोडून गेला, नवीन आलेल्याने त्याला परस्पर दहा हजार देऊन टाकले. मालकाच्या हिशोबात आणि ॲग्रीमेंटमध्ये मात्र जुनीच नावं. शेवटी मालक म्हणतो ज्याने दिले त्यालाच परत करणार, आणि तो तर नोकरीला पुण्याला गेलेला, फोन उचलत नाही. इथे मालकाची काहीच चूक नाही. पार्टनर बदलला त्याच दिवशी मालकासकट ग्रुप करा आणि "याचा हिस्सा आता याचा" हे जुन्या पार्टनरकडूनच लिहून घ्या, ॲग्रीमेंट रिन्यू करताना नवीन नाव टाका.

किल्ली आधी, पैसे नंतर

गाडी खाली उभी, मालक मुंबईला, म्हणून किल्ली शेजारी देऊन निघून जायचं, हे करू नका. रूम रिकामी झाल्यावर दारापासून बाल्कनीपर्यंत सलग व्हिडिओ काढा, पंखे, गीझर, नळ चालू करून दाखवा. मग किल्ली देणं आणि यूपीआयने पैसे येणं एकाच भेटीत. "नवीन भाडेकरू आला की देतो" म्हणाले तर ॲग्रीमेंट दाखवा, तिथे डिपॉझिट जागा सोडताना परत करायचं असं असेल तर नवीन माणूस येण्याशी तुमचा संबंध नाही. अगदीच नाही जमलं तर तारीख आणि रक्कम लिहून घ्या आणि किल्ली मिळाल्याचा मेसेज घ्या.

ॲग्रीमेंटच केलं नव्हतं तर?

घाबरू नका. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध केलं नाही तोपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे धमकी म्हणून वापरू नका, मेसेजमध्ये एकदा सभ्यपणे लिहिलं तरी पुरतं. रोख डिपॉझिट दिलं असेल तर त्या वेळचे मेसेज, एटीएमची एंट्री शोधा.

पैसे अडकलेच तर

आधी किती, कशाचे कापले याची बिलं लेखी मागा आणि सात-आठ दिवसांची मुदत द्या. मग वकिलाची नोटीस. पोलीस याला बहुतेक दिवाणी वाद म्हणतात, पण सामान अडकवलं किंवा दमदाटी केली तर ११२ लावायचाच. पीजी किंवा खासगी होस्टेल असेल तर ती सेवा आहे, ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, टोल फ्री १५१००, मुलींना तर तिथे उत्पन्नाची अटही नाही. दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण एवढं थांबू नका. आणि गाव नंदुरबार-धुळ्याकडे असेल, सगळेच निघणार असाल, तर नाशिकमध्ये थांबणाऱ्या एका मित्राच्या नावाने हिशोब करून पैसे घेण्याचं पत्र सगळ्यांच्या सह्यांनी करून ठेवा आणि त्याचा फोटो मालकाला निघायच्या आधीच पाठवा.