निवृत्तीनंतर सांगली-मिरज की सातारा? छोटं शहर कसं पारखावं

पुण्या-मुंबईतला फ्लॅट विकून छोट्या शहरात जायचे बेत बहुधा दिवाळीच्या सुट्टीत शिजतात. हवा छान, रस्ते मोकळे, नातेवाईक खुशीत. अशा वेळी कुठलंही शहर आवडतं. म्हणून पारख उलट्या टोकानं करा.

१. पावसाळा भाड्याच्या घरात काढा.
जुनं घर लगेच विकू नका. ११ महिन्यांचा करार करा आणि त्यात जून ते सप्टेंबर येतील असं बघा. सांगलीत हे विशेष महत्त्वाचं. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. घर बघायला गेलात की एजंटला नव्हे, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीला हात लावूनच दाखवेल. मग निळ्या आणि लाल पूररेषेचा (निळी म्हणजे २५ वर्षांतून, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) नकाशा बघून त्याची खातरजमा करा. साताऱ्यात कृष्णा शहराबाहेरून जाते, पण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडची वस्ती चढावर आहे. साठीत तो व्यायाम वाटतो, पंचाहत्तरीत भाजी आणायलाही रिक्षा लागते.

२. दवाखान्याची चौकशी रात्रीच्या हिशेबानं करा.
इथं मिरज उजवं. तिथं उपचाराला कर्नाटकातूनही पेशंट येतात. तरी 'डॉक्टर चांगले आहेत' एवढ्यावर थांबू नका. रात्री दोन वाजता हृदयविकाराचा झटका आला तर अँजिओप्लास्टी लगेच कुठे होईल? तुमच्या विम्याचं कॅशलेस तिथं चालतं का? स्वतः जाऊन विचारा.

३. खर्च वहीत मांडा.
घरभाडं, भाजी, कामाच्या बाई यांत बचत होते. औषधं मात्र त्याच भावानं मिळतात आणि मुलांकडच्या फेऱ्या वाढतात. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर प्रवास मोफत, हा दिलासा आहेच. रेल्वेला मिरज जंक्शन सोयीचं. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे. परत यावंसं वाटलं तर पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागेल, तोही आकडा वहीत हवा.

४. बायकोचं 'हो' गृहीत धरू नका.
गाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं. बायकोची भिशी, मैत्रिणी, ओळखीची डॉक्टरीण मागे राहते. छोट्या शहरात सगळे चौकशी करतात. आजारपणात ते बरं वाटतं, एरवी जाच होतो. ही बाजू दोघांनी वेगवेगळी लिहून काढा, मग एकमेकांना दाखवा.

५. एकट्याचा आठवडा काढून बघा.
एकानं आठवडाभर मुलांकडे जावं, दुसऱ्यानं नव्या गावातल्या भाड्याच्या घरातच राहावं, नंतर अदलाबदल. बँक, गॅस, दवाखाना, किराणा सगळं एकट्यानं. स्कूटर फक्त नवराच चालवत असेल तर अडचण पहिल्याच दिवशी कळते. मग बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं, लिफ्ट असलेलं घर शोधा. तसं मिळेना तर भाड्याचा करार आणखी ११ महिने वाढवा, विकत घ्यायची घाई नको.