व्हर्टिकलचा खांब रोवण्याआधी

सिमेंटात पाणी पडलं की विचार करायला सवड उरत नाही, म्हणून ही यादी त्याच्या आधीची. व्हर्टिकल म्हणजे हॅम रेडिओची उभी अँटेना. 7.1 मेगाहर्ट्झची पाव-तरंग (तरंगलांबीच्या पाव उंचीची) व्हर्टिकल म्हणजे सुमारे 10 मीटर उंच ॲल्युमिनियमची नळी. ती धरायला जमिनीत रोवलेला जीआय पाइप आणि भोवती सोलापूरकडची काळी माती, असं गृहीत धरतो.

सगळ्यात आधी मान वर करून बघा. नळी उभी करताना ती हातातून सुटून कुठल्याही बाजूला पडू शकते. म्हणून खांबाच्या जागेपासून चहूकडे निदान 15 मीटर पावलं टाकत मोजा. तेवढ्यात विजेची कुठलीही तार येता कामा नये, मग ती घरात येणारी सर्व्हिस वायर का असेना. येत असेल तर जागा बदला, यात तडजोड नाही. मग खाली बघा. बोअरची केबल अंगणातून कुठून गेलीय हे घरात बहुधा एकाच माणसाला ठाऊक असतं. त्याला विचारल्याशिवाय पहार मारू नका.

खोदाई दिवाळीनंतर काढा. तेव्हा मातीत ओल असते आणि दोन माणसांचं काम सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत उरकतं. तीच माती मे महिन्यात पहार परत फेकते. माझा पहिला खांब मी दीड फुटावर समाधान मानून उभा केला होता. शिमग्यापर्यंत त्याच्या बुडाशी मनगट जाईल एवढी भेग पडली आणि खांब गोठ्याकडे वाकून बघायला लागला. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरवर बसवलेलं सगळं हलवते. त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खणा. 3 फुटांवरही लागला नाही तर खड्ड्याचा तळ तोंडापेक्षा रुंद करा.

पाइप दीड इंची, लाल पट्टीचा, म्हणजे सी क्लास, 6 फूट. दुकानात एक गंमत होते. दीड इंच म्हणजे 38 मिमी असं धरून आपण यू-क्लॅम्प मागतो, आणि पाइपचा बाहेरचा व्यास निघतो 48.3. पाइपचा कापलेला तुकडाच पिशवीत घेऊन जा. फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपच्या बुडाशी गजाचे दोन तुकडे आडवे वेल्ड करून घ्या, नाहीतर वारा पाइपला काँक्रीटमध्येच पीळ देतो. बुडाचं तोंड उघडं ठेवून खडीत टेकवायचं, म्हणजे आत साठणारं पाणी झिरपून जाईल. वरच्या तोंडाला टोपण हवंच.

खड्डा दीड फूट चौरस, 3 फूट खोल. तळाशी अर्धा फूट नुसती खडी. वरच्या अडीच फुटांना 1:2:4 (सिमेंट:वाळू:खडी) मालाचं एक पोतं सिमेंट पुरतं. माल घट्टसर ठेवा, गवंड्याला पातळ माल सोपा जातो म्हणून बादली ओतू देऊ नका. ओळंबा काटकोनातल्या दोन बाजूंनी लावा. एकाच बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने हमखास तिरका असतो. दोन वाशांचा टेकू दिल्याशिवाय पाइप सोडू नका. माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार काढा आणि 7 दिवस गोणपाट ओलं ठेवा.

ते 7 दिवस रेडियलसाठी, म्हणजे नळीच्या बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरायच्या तारांसाठी. 10 मीटरच्या 4 तारांपेक्षा 5 मीटरच्या 32 तारा माझ्या मते केव्हाही बऱ्या, अंगणातही मावतात. एकूण 160 मीटर तार लागते. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची इनॅमलची तार स्वस्त पडते, पण टोकं पॉलिश पेपरने लख्ख घासा. मी एकदा 6 टोकं न घासताच रेडियल जोडायच्या कडीला आवळली होती आणि दोन संध्याकाळ कोॲक्सला, म्हणजे रेडिओपासून अँटेनाला जाणाऱ्या केबलला, शिव्या देत बसलो होतो. तांबं थेट ॲल्युमिनियमला लावू नका. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला.

इथे एक फसवा प्रकार सांगतो. चांगल्या जमिनीवर पाव-तरंग नळीचा रोध 36 ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे 50 ओहमच्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ मोजणारा आकडा, 1 म्हणजे पूर्ण मेळ) 1.4 दिसतो. रेडियल चारच असतील तर मातीतली गळती त्यात मिळून बेरीज 50 होते आणि मीटर 1.1 दाखवतो. आपण खूश होतो, मातीत गळालेल्या शक्तीची गांडुळं ऊब घेतात.

नळी पाइपला थेट टेकता कामा नये. मध्ये जाड एचडीपीई प्लास्टिकचे दोन ठोकळे, एकमेकांपासून 2 फुटांवर. साधा पीव्हीसी उन्हाने कडक होऊन तडकतो. नळीच्या मध्यावर तीन दिशांना पॉलिएस्टर दोरीचे ताण बांधा. नायलॉन सैल पडतो. ताणांचे हूक, कोॲक्सचा पाइप आणि अर्थिंगचा रॉड यांचे खड्डे खांबाबरोबरच करून घ्या, गवंडी त्यासाठी पुन्हा येत नाही.

वळवाचे ढग दिसले की कोॲक्स खिडकीबाहेरच सोडवायचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप फोनवर असू द्या, पण गडगडाट ऐकू येत असेल तर त्याच्या सूचनेची वाट बघू नका, आणि तेव्हा कोॲक्सला हातही लावू नका. सोडवलेलं टोक मी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवतो. बरणी ओट्यावर आणायची नाही, असं घरून सांगितलेलं आहे.