एव्हरनोट सोडण्यापूर्वी नोंदी बाहेर कशा काढाव्यात
एव्हरनोट हे नोंदी ठेवण्याचे ॲप २०२३च्या आरंभी इटलीच्या बेंडिंग स्पून्स या कंपनीकडे गेले, वर्गणी वाढली आणि त्याच वर्षी डिसेंबरात विनामूल्य खात्यावर ५० नोंदी व एकच वही अशी मर्यादा आली, तेव्हा अनेक जुन्या वापरकर्त्यांनी गाशा गुंडाळला. रागाच्या भरात खाते मात्र बंद करू नये. संगणकावरील ॲपमधून एकेक वही स्वतंत्रपणे ‘एनेक्स’ फाइलमध्ये निर्यात करावी आणि फाइलला वहीचेच नाव द्यावे, कारण त्या फाइलमध्ये टॅग टिकतात, पण नोंद कोणत्या वहीतली होती हे उरत नाही. ती जॉपलिन किंवा ऑब्सिडियन अशा नोंदींच्या दुसऱ्या ॲपमध्ये आयात करून एखादी जुनी, पीडीएफ जोडलेली नोंद उघडून पाहावी. नोंदींमधील परस्पर दुवे बहुधा तुटतात. ते हाताने जोडण्याचे किचकट काम नित्य लागणाऱ्या नोंदींपुरतेच करावे.