परदेशात वन्यजीवांसाठी काम करायचंय? आधी गोव्यातल्या गालजीबागच्या किनाऱ्यावर एक रात्र काढा

बारावीनंतर किंवा पदवीनंतरचं एक वर्ष परदेशात वन्यजीवांसाठी द्यायचं म्हटलं, की सगळ्यात मोठी फसगत प्रकल्प निवडतानाच होते. जाहिरातीत स्वयंसेवक सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजताना दिसला, तर तिकडे फिरकूच नका. दक्षिण आफ्रिकेत कुंपणात पैदास केलेले असे कित्येक सिंह पुढे शिकाऱ्यांपुढे उभे केले गेले आहेत. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. ओरांगउटान या वानराचं पिल्लू कडेवर घ्यायला देणारी जागाही त्याच माळेतली, कारण आपली साधी सर्दी त्याच्या जिवावर बेतू शकते. खऱ्या प्रकल्पात काम कंटाळवाणं असतं: कुंपण दुरुस्त करा, पिंजरे धुवा, नोंदी लिहा.

अर्जाआधी ईमेलवर विचारा: प्राणी शेवटी कुठे जातात, परवाना कुणाचा आहे, माझ्या पैशांतले प्रकल्पाला किती मिळतात? उत्तर गोलमाल आलं तर नाद सोडा. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकच भरतो, त्यात गैर काही नाही.

कासवांचं काम निवडलंत तर सराव घराशेजारीच आहे. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. वनखात्याला विचारूनच जा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे. टॉर्चला लाल कागद लावा, गडद कपडे घाला. मादी वाळूवर चढत किंवा खड्डा खणत असताना पुढे गेलात तर ती अंडी न घालताच परतते. अंडी पडू लागली की मागच्या बाजूने जाता येतं.

एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी, पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस. घरटं हलवायचंच तर पहिल्या काही तासांत. नंतर भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडं फिरलं की मरतो. म्हणून वरची बाजू वरच ठेवायची, नवा खड्डा मूळच्याच खोलीचा. वाळू तापली तर माद्या जास्त निपजतात, म्हणून सावलीचाही हिशेब लागतो. डासांचं मलम लागलेल्या हाताने अंडी धरायची नाहीत. पिल्लं उजेडाकडे धावतात; किनाऱ्यावरच्या शॅकचा (झोपडीवजा खानावळीचा) एक दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो.

हे जमलं की कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोसारख्या किनाऱ्याचा विचार करा. तिथे हिरव्या कासवांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. आपल्याकडच्या सवयीने डिसेंबरचं तिकीट काढलं तर हंगाम संपलेला असेल.

कागदपत्रं सहा-आठ महिने आधी सुरू करा. पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही सहा महिने हवी. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (नावावर गुन्हा नसल्याचा दाखला) पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. बिनपगारी कामालाही पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसा चालत नाही, हे दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. विमानतळावर ‘मदत करायला आलोय’ म्हणणारे तिथूनच परत पाठवले जाऊ शकतात. केनिया, युगांडाला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परतताना भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. सस्तन प्राण्यांजवळ काम असेल तर रेबीजच्या दोन सुया, सात दिवसांच्या अंतराने. विम्यात दुर्गम भागातून हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च धरलाय का, तेवढं पॉलिसीत वाचूनच सही करा.