पाचनईच्या वाटेने : शरदात हरिश्चंद्रगडावर पक्षी कसे पाहावेत

पाऊस ओसरल्यापासून थंडी पडू लागेपर्यंतच्या दिवसांत सह्याद्रीत पक्षी पाहायला निघणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवून टाकावी : आज गड चढायचा आहे की पक्षी पाहायचे आहेत. एकाच चालीने दोन्ही साधत नाही. अकोले तालुक्यातील पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर सराईत मंडळी दोन-अडीच तासांत पोहोचतात; पक्षी पाहणाऱ्याने त्याच वाटेला निदान चार तास द्यावेत. ही वाट मी मुद्दाम सुचवतो, कारण ओढा, कातळभिंत, झाडी, पठार आणि शेवटी गडाचा पश्चिमेकडचा उभा कोकणकडा हे सगळे एकामागून एक लागते आणि त्या प्रत्येक ठिकाणची पक्ष्यांची वेळ वेगळी असते. चढाईचा क्रम त्या वेळांशी जुळवून घेतला, तर वाट न बदलता दुप्पट पक्षी दिसतात.

आदल्या रात्री गावात मुक्काम करावा आणि उजाडताच निघावे. ऑक्टोबरात सूर्योदय साधारण साडेसहाच्या आसपास होतो आणि नऊनंतर ऊन चटके देऊ लागते, त्यामुळे सकाळचे पहिले दोन-अडीच तास अत्यंत मोलाचे असतात. कपडे मातकट किंवा मळकट हिरवे असावेत. अत्तर मुळीच लावू नये, कारण सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने ती बिथरतात. दुर्बीण ८×४२ ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) पुरेशी आहे. ती घरीच डोळ्यांना जुळवून घ्यावी : उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दृश्य स्पष्ट करावे, मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवावी, आणि त्यानंतर दिवसभर फक्त मधले चाकच वापरावे. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. खाली पाहून दुर्बीण शोधणाऱ्याला पुन्हा तो पक्षी सहसा सापडत नाही.

सुरुवात ओढ्यापासून करावी. खडकांवर सतत शेपटी वरखाली हलवणारा, पाठीने राखाडी आणि पोटाने पिवळा असा करडा धोबी इथे भेटतो. हिवाळी पाहुण्यांमध्ये अगदी आधी येणाऱ्यांपैकी हा एक, त्यामुळे हंगाम सुरू झाल्याची खूण म्हणून मी त्याला शोधतोच. याच ओढ्याच्या सावलीत शीळकरी कस्तूर असतो. पावसाळ्यात माणसासारखी लांबलचक शीळ घालणारा हा पक्षी शरदात बराच अबोल होतो आणि एखादी तीक्ष्ण, बारीक हाक देऊन निघून जातो. ती हाक ओळखीची झाली, तर त्याच्या कपाळावरचा आणि खांद्यावरचा चमकदार निळा रंग पाहण्याची संधी हुकत नाही.

झाडीत शिरल्यावर मात्र पद्धत बदलावी लागते, आणि शरदातील पक्षिनिरीक्षणाचे खरे मर्म इथेच आहे. विणीचा काळ सरलेला असल्याने बहुतेक पक्षी आपापली हद्द गाऊन जाहीर करत नाहीत. त्याऐवजी वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन मिश्र थव्याने कीटक टिपत फिरतात. त्यामुळे वीस मिनिटे रान सुने वाटते आणि मग एकाएकी एकाच झाडावर सात-आठ जाती उतरतात. या सुन्या वीस मिनिटांत कंटाळून पुढे निघून जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. वाटेच्या कडेला, पाठीशी झाड घेऊन, निवांत बसावे आणि कान द्यावा. कोतवालाचा कर्कश आवाज किंवा चष्मेवाल्यांची बारीक चिवचिव जवळ येऊ लागली की थवा येतो आहे असे समजावे. मग सगळे एकदम पाहण्याचा हव्यास न धरता मजले पाडून पाहावे : शेंड्याला निखार, मधल्या फांद्यांवर रामगंगा आणि चष्मेवाले, खोडावर उलटसुलट चालणारी शिलींध्री आणि खालच्या झुडपांत शेपटीचा पंखा उघडून मिटणारा नाचण. थवा पुढे सरकला तरी त्याच्या मागे धावू नये. तो ज्या दिशेला चालला आहे तिकडे वळसा घालून आधीच थांबावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित हाका वाजवून पक्ष्यांना बोलावणे तर कटाक्षाने टाळावे. खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात त्यांची चरण्याची वेळ वाया जाते, आणि हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

पठारावर गवत पिवळे पडू लागलेले असते. गवताच्या उंच काडीवर किंवा कारवीच्या झुडपाच्या शेंड्यावर बसलेला गप्पीदास आणि डोक्यावर टोकदार तुरा मिरवणारा काळा-तांबूस युवराज इथे शोधावा. हा टप्पा झपाट्याने उरकला तरी चालतो.

कोकणकड्यावर सकाळी पोहोचण्याची घाई मात्र करू नये. कडा पश्चिमेला तोंड करून असल्याने त्याच्या खडकावर थेट ऊन दुपारीच येते. खडक तापला की त्यालगतची हवा वर चढू लागते आणि शिकारी पक्षी त्या हवेवर पंख न हलवता तरंगतात. म्हणून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ जेवण आटोपून बाराच्या पुढे कड्याकडे निघावे. या वेळी आकाश झगझगीत असते आणि रंग नीट दिसत नाहीत, तेव्हा आकार पाहावा : रुंद पंख आणि टोकाला सुटी सुटी बोटे असतील तर गरुडाच्या जातीचा, निमुळते टोकदार पंख असतील तर ससाण्याच्या जातीचा. कड्याच्या काठाशी उभे न राहता पालथे पडून पाहावे, आणि दुर्बीण डोळ्यांना असताना एकही पाऊल टाकू नये.

या कड्यावर एक गोष्ट अशी मिळते, जी मैदानात मिळत नाही : पक्षी आपल्या नजरेच्या खाली उडतात. खरुची, म्हणजे ससाण्याच्या जातीचा एक लहान शिकारी पक्षी, एरवी डोक्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेली, पोटाकडूनच दिसते. इथे ती पन्नास हात खाली वाऱ्यावर स्थिरावते आणि विटकरी पाठीवरचे काळे ठिपके नि पंखांची गडद टोके एकेक करून दिसू लागतात. वेळ, वारा आणि उन्हाची दिशा वहीत तिथेच टिपावी. तीन वाजता मात्र उठावे, कारण सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ओढ्यापाशी अंधार त्याहून आधी उतरतो.