सोरायसिस अंगभर भडकला तर या चुका टाळा

सोरायसिस म्हटलं की कोपर, गुडघे आणि डोक्यातल्या खपल्या एवढंच आठवतं, पण त्याचाच एक डेंजर प्रकार आहे, एरिथ्रोडर्मिक. यात जवळजवळ सगळं अंग लाल होतं, आग आणि खाज सुटते, अंथरुणात कोंडा पडावा तशी सालं पडतात. किती पसरलंय ते बघायला सोपी युक्ती आहे, आपला तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, आणि इथे हिशोब ७५-९० टक्क्यांचा असतो. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, काळपट-जांभळट दिसतं, म्हणून उशीर होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्टिरॉइड आपल्या मनाने चालू-बंद करणं. गोळ्या घेतल्या, चार दिवसात मस्त वाटलं, मग कशाला घ्यायच्या म्हणून सोडल्या आणि थोड्याच दिवसात दुप्पट उसळलं. मेडिकलमधून आणलेली क्लोबेटासोलची (तेही कडक स्टिरॉइड मलमच) ट्यूब महिनोन् महिने फासून एकदम बंद केली तरी तेच. आणि त्या बिनलेबलच्या पुड्या! "जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणतात, पण त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, ते तुम्हाला कोण सांगणार?

मेथोट्रेक्सेट चालू असेल तर नीट वाचा, सोरायसिससाठी ती गोळी आठवड्यातून एकदा असते, रोज नाही, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. लिथियम (मानसिक आजाराचं), क्लोरोक्विन (मलेरियाचं) अशा औषधांनीही सोरायसिस भडकू शकतो, म्हणून तापाच्या डॉक्टरलासुद्धा सोरायसिस आहे हे सांगायचंच.

हुडहुडी भरली की लोक व्हायरल समजून पॅरासिटामॉल घेऊन झोपतात. खरं तर खराब झालेल्या त्वचेतून अंगातली ऊब आणि पाणी बाहेर जात असतं, पाय सुजतात, छाती धडधडते, वयस्कर माणसाच्या हृदयावर ताण येतो. अशा वेळी सरळ हॉस्पिटल गाठा, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट नको.

ताप आणि अंगभर पिवळे पुवाचे बारीक फोड आले तर तो पस्ट्युलर प्रकार असू शकतो, त्या पुवात बहुतेक वेळा जंतू नसतात, त्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, आणि तोही तितकाच इमर्जन्सीचा.

कडकडीत पाणी, मीठ, कडुलिंबाचा पाला घासणं बंद. कोमट पाणी आणि व्हॅसलीन, बास.

जाताना सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स, ट्यूब आणि हो, त्या पुड्यापण घेऊन जा, डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका, ओरडले तर ओरडू देत.